‘व्हय’ कसं टाइप करायचं?

सगळ्यात आधी सांगून टाकते, मी रिटायर्ड नाहीये. या अंकात माझ्या मागेपुढे ज्यांचे लेख असतील ते सगळे साठीच्या पुढचे, कुणी बँकेतून निवृत्त, कुणी टपाल खात्यातून, आणि मधेच मी, लॉच्या दुसऱ्या वर्षाला. संपादक काका आमच्याच चऱ्होलीच्या सोसायटीतले. लिफ्टमध्ये भेटले आणि म्हणाले, "तू त्या कंपन्यांमध्ये चौकशा टाइप करायला जायचीस ना? लिही की त्यावर." आमचा मजला यायच्या आत मी हो म्हणून टाकलं. घरात आले, चपला काढल्या की नाही आठवत नाही, लॅपटॉप उघडला आणि आता हात थांबत नाहीयेत.

दुसरं कारण ऋतुजा. माझी मावसबहीण, तळेगावला राहते, बी.कॉम.चं शेवटचं वर्ष. ती हल्ली रोज मेसेज टाकते. "ताई, डायरेक्ट लॉची सीईटी देऊ की आधी जॉब करू?" मी उत्तर दिलं नाही की व्हॉइस नोट. त्यालाही नाही दिलं की रडके चेहरे. परवा वैतागून लिहिलं, "डायरेक्ट सीईटी देऊ? हो का नाही एवढंच सांग ना गं!"

नेमकं तेवढंच मला सांगता येत नाही. हो का नाही, यावरच तर माझं सगळं रामायण झालंय.

तर ऋतुजा, नीट वाच. लांब आहे.

आमच्याकडेही हाच वाद झाला होता. ग्रॅज्युएशन झालं, लॉ करायचं हे माझं शाळेपासून ठरलेलं, प्रश्न फक्त लगेच की नंतर. मम्मीचं म्हणणं, "एकदा नोकरी लागली की कुणी परत पुस्तक उघडत नाही. बस, परीक्षा दे, मोकळी हो." पप्पा मूळचे जालन्याकडचे, भोसरीत एका कंपनीत टूलरूमला आहेत. ते जेवता जेवता म्हणाले, "आगं, वकील व्हायचंय ना तुला? मग लोकं कशावरून भांडतात ते बघ की आधी. पुस्तकात भांडणं नसतात, निकाल असतात."

मला हे वाक्य इतकं आवडलं ना! मी ते स्टेटसला ठेवलं. आणि ठरवलं, वर्षभर काम करायचं, पण असं काम की ज्यात कायदा असेल. हे लोक दोनमधलं एक निवडतात, मी दोन्ही करणार! फार हुशार समजायचे मी स्वतःला.

माझ्याकडे एकच गोष्ट होती, टायपिंग. मिनिटाला चाळीस शब्दांची मराठीची परीक्षा पास, आणि प्रत्यक्षात त्याच्याही पुढचा स्पीड. चिंचवड स्टेशनजवळ देशमाने सरांचं ऑफिस होतं, कामगार कायद्याचे वकील, आणि त्यांना मराठी टायपिस्ट हवी होती. त्यांनी वर्तमानपत्रातला एक उतारा वाचायला घेतला, मी टाइप करायला. ते थांबले तेव्हा मी आधीच थांबलेले होते. "उद्यापासून ये," म्हणाले.

आता हे काम काय असतं ते सांगते, कारण मलाही माहीत नव्हतं आणि पप्पा एवढी वर्षं कंपनीत असून त्यांनाही नीट माहीत नव्हतं.

कायम कामगाराला मालकाच्या मनात आलं म्हणून काढता येत नाही. आधी त्याला आरोपपत्र द्यावं लागतं, ज्याला सगळे चार्जशीट म्हणतात. मग त्याची चौकशी. ही चौकशी पोलिसांची नाही, कोर्टाचीही नाही. कंपनीच्याच मीटिंग रूममध्ये होते. एका बाजूला कंपनीचा माणूस बसतो, दुसऱ्या बाजूला कामगार आणि त्याच्या मदतीला त्याचा एखादा सहकारी. मधे चौकशी अधिकारी, तो बहुतेक वेळा बाहेरचा वकील, जसे आमचे सर, म्हणजे तटस्थ. या तटस्थ माणसाची फी कंपनी देते. मी सरांना सुरुवातीलाच विचारलं होतं, हे कसं काय? ते म्हणाले, "मग काय कामगार देणार?" आणि मला ते पटलंसुद्धा!

मी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन. खोलीत जे बोललं जाईल ते प्रश्न-उत्तर, प्रश्न-उत्तर असं टाइप करायचं, लगेच प्रिंट काढायची आणि प्रत्येक पानावर सगळ्यांच्या सह्या. एकदा सही झाली की ते खरं. पुढे लेबर कोर्टात गेलं तरी तेच कागद बघतात.

पण एक गंमत आहे. जे बोललं जातं ते जसंच्या तसं टाइप होत नाही. सर सांगतात ते होतं. म्हणजे कामगार सांगतोय, "साहेब, त्या दिवशी मेव्हण्याची गाडी बंद पडली, मी ढकलत ढकलत मोशीपर्यंत आणली, तिथं मेकॅनिक जेवायला गेल्याला..." आणि सर छताकडे बघत म्हणणार, "लिहा. उत्तर: मी त्या दिवशी विनापरवानगी गैरहजर होतो." मेव्हणा गायब, गाडी गायब, मोशी गायब. मला सुरुवातीला हसू यायचं. सर म्हणायचे, "याला सारांश म्हणतात. वकिलीतली निम्मी कला हीच."

खरं सांगू? मजा यायची मला. आज या कंपनीत, परवा त्या. गेटवर व्हिजिटरचा पास गळ्यात, सेफ्टी शूज दोन साइझ मोठे, आणि कॅन्टीनचे पोहे. चाकणमधल्या कुठल्या कंपनीच्या पोह्यात शेंगदाणे असतात आणि कुठल्यात नुसती हळद, हे मी आजही सांगू शकते. घरी येऊन पप्पांना रोज एक किस्सा.

सगळ्यात भारी किस्सा खंडेनवमीचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कंपनीत मशीनची पूजा असते, झेंडूचे हार, नारळ, हळद-कुंकू, पेढे. एका कंपनीत वेल्डिंगचा रोबोट नवीन आलेला. ऑपरेटर नगरचा, फार भाविक. त्यानं रोबोटला हार घातला आणि कुंकवाचं बोट नेमकं सेन्सरवर! दुसऱ्या पाळीला रोबोट जागचा हलेना, अख्खी लाइन बंद. चार्जशीट मिळालं, "कंपनीच्या यंत्रसामग्रीचे हेतुपुरस्सर नुकसान." सरांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "तुम्ही रोबोटच्या डोळ्याला कुंकू लावले, हे खरे आहे काय?"

तो म्हणाला, "कपाळाला लावलं साहेब. आता त्याचं कपाळ कुठं आणि डोळा कुठं, हे ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नव्हतं."

एचआरवाले हसले, सर हसले, मी तर टेबलाखाली वाकले. ताकीद देऊन सोडला त्याला. त्या दिवशी घरी येताना मला वाटलं, किती छान आहे हे! माणूस येतो, आपली बाजू सांगतो, सगळे हसतात, सुटतो. हाच कायदा. मी पप्पांना म्हणालेही, "तुमचं बरोबर होतं. लॉ कॉलेजमध्ये हे कोण शिकवणार?"

मग बबनकाका आले.

तळेगाव-चाकण रस्त्यावर एक रबरी पाइप बनवणारी कंपनी. गाड्यांच्या इंजिनाला लागतात ते काळे पाइप. बबनकाका तिथं पाइप कापायच्या मशीनवर, कायम कामगार, पन्नाशीला आलेले. शेजारच्याच गावातले. कंपनीचं पार्किंग आहे तिथं पूर्वी त्यांचा बटाटा असायचा, त्या जमिनीच्या बदल्यात लागलेली नोकरी. नोकरी गेली तर मागे काही नाही. मुलीचं नर्सिंग चालू होतं आणि घरात पगार एवढाच.

आरोप असा, की त्यांनी सुपरवायझरला धमकी दिली. "बघून घेतो" म्हणाले.

सुपरवायझर नवीन पोरगा, कानपूरकडचा, डिप्लोमा करून आलेला. वाईट नव्हता तो, हेही लिहायला पाहिजे. मराठी अर्धी कळायची, अर्धी अंदाजानं. त्यानं चौकशीत शपथेवर सांगितलं, "मैंने बोला पाइप टेढ़ा कट रहा है. तो इन्होंने गुस्से में बोला, देख लूंगा."

मराठी माणसाला सांगायला नको. "बघून घेतो" म्हणजे तुला दाखवतो, हाही अर्थ होतो. आणि "जावा तुम्ही, मी बघून घेतो" म्हणजे हे काम माझ्यावर सोडा, हाही होतो. आपण दिवसभर म्हणतो. गॅस संपला, मी बघून घेतो. पाहुणे येणारेत, मी बघून घेते. कशाबद्दल म्हणाला, एवढाच प्रश्न.

तो प्रश्न त्या खोलीत कुणी विचारला नाही.

सर आरोपपत्र वाचायला लागले. त्यांचा आवाज भारदस्त आहे, वाचतात सुंदर. एक मुद्दा वाचायचा, थांबायचं. आणि बबनकाका समोर हात जोडल्यासारखे टेबलावर ठेवून, मान हलवत म्हणायचे, "व्हय."

"आपण त्या दिवशी पहिल्या पाळीत कामावर होतात."

"व्हय."

"आपल्या मशीनवरचे पाइप वाकडे कापले जात होते."

"व्हय."

"सुपरवायझरने आपणास समज दिली असता आपण त्यांस 'बघून घेतो' अशी धमकी दिलीत."

"व्हय, व्हय."

सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिहा. उत्तर: होय. हे खरे आहे."

ऋतुजा, तू तळेगावात राहतेस पण कॉलनीत. मी चऱ्होलीत राहते, आमची सोसायटी नवीन असली तरी गाव जुनं आहे. दूधवाल्या काकांना फोन कर कधी. आपण बोलत असतो आणि पलीकडून "व्हय... व्हय... व्हय" चालू असतं. ते बंद झालं तर समजायचं फोन कट झाला. याचा अर्थ हो असा नसतो. याचा अर्थ ऐकतोय, बोला पुढं. समोरचा वयानं किंवा मानानं मोठा असेल तर जास्त वेळा म्हणायचं, नाहीतर लक्ष नाही असं वाटतं त्याला. ही रीत आहे तिथली. बबनकाका आरोप कबूल करत नव्हते, सरांना मान देत होते.

मी टाइप केलं, "व्हय, व्हय." आणि थांबले. माझ्या नोकरीत पहिल्यांदाच थांबले.

"काय झालं?" सर म्हणाले.

"सर, ते व्हय म्हणाले."

"मग? तेच की."

"नाही सर, ते... म्हणजे ते ऐकतोय असं म्हणाले."

एचआरचे साहेब माझ्याकडे असे बघायला लागले जसं काही प्रिंटर बोलला! बबनकाकांच्या मदतीला आलेला सहकारी खाली बघत पेनचं टोपण काढ-घाल करत होता. त्यालाही उद्या याच गेटमधून आत यायचं होतं.

सर शांतपणे म्हणाले, "आपण चहा घेऊ."

चहाला सगळे बाहेर गेले. मी गॅलरीत बबनकाकांना गाठलं. "काका, तुम्ही त्याला धमकी दिली होती का?"

"धमकी?" काका हसले. "आगं, मशीनची पट्टी ढिली झाल्याली. त्ये पोरगं घाबरलं, माल रिजेक्ट व्हईल म्हनून. मी म्हनलं तुमी जावा, मी बघून घेतो. आन घेतलं की बघून! तासाभरात सरळ कापाया लागलं."

"मग हे आत का नाही सांगितलं?"

"इचारलं कुठं कुनी?"

आतून एचआरच्या साहेबांचा आवाज येत होता, सरांशी बोलत होते, दार उघडंच. "कायम लोक कमीच करायचेत हो या वर्षी. ठेकेदाराची पोरं अर्ध्या पगारात येतात." सर काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. चमचा ढवळल्याचा आवाज आला फक्त.

चहा झाल्यावर बसलो. मी म्हणाले, "सर, काकांना काहीतरी सांगायचंय." सर म्हणाले, "मॅडम, या चौकशीत प्रश्न विचारायचा अधिकार तुम्हाला आहे का?" मला कधी मॅडम म्हणायचे नाहीत ते. मग काकांकडे वळले, अगदी गोड आवाजात. "बबनराव, तुम्ही 'बघून घेतो' असं म्हणालात की नाही?"

आणि काका म्हणाले, "म्हनलो तर व्हतोच की."

खोटं कशाला बोलतील ते? म्हणाले होते, तर म्हणाले होते! काका पुढे काहीतरी सांगायला लागले, "पर मी काय म्हनतो, मशीन..." सर म्हणाले, "तुमचं म्हणणं मांडायला पुढची तारीख आहे. आज फक्त आरोपावर उत्तर. लिहा मॅडम. होय, हे खरे आहे."

मी नाही लिहिलं. शूर वगैरे नाही मी. पण नाही लिहिलं. म्हणाले, "सर, मी ते बोलले तसं लिहिते ना. म्हनलो तर व्हतोच की. असंच टाइप करते."

सर उठले, माझ्या समोरचा लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि स्वतः टाइप करायला लागले. त्यांना टायपिंग येत नाही. दोन बोटांनी. 'ह' सापडला, मग काना-मात्रा शोधत बसले, मग 'य'. ते खोडलं, परत केलं. मी बाजूला उभी राहून बघत होते. इतक्या सावकाश मी कुणाला कधी काही लिहिताना पाहिलं नाही. चूक होती, घाईत झाली, असं म्हणायला जागाच राहिली नाही. एक-एक अक्षर शोधून, नीट, होय लिहिलं त्यांनी.

प्रिंट निघाली. काकांना वाचता येतं, रोज पेपर वाचतात. त्यांनी चष्मा लावला, पान वाचलं आणि सही केली. मी डोळ्यांनी नको नको म्हणत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्यांना वाटलं पोरीला कसलं तरी टेन्शन आलंय. जाताना मलाच म्हणाले, "काळजी करू नगं. व्हतंय नीट."

परत येताना सरांच्या गाडीत बसणं भाग होतं, दुसरं काही मिळालं नसतं. एका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि सर बोलायला लागले. रागावले नव्हते. तेच वाईट.

"तुला वाटत असेल मी कंपनीचा माणूस आहे."

मी लॅपटॉपची बॅग मांडीवर नीट धरली.

"रेकॉर्डवर व्हय लिहिलं तर उद्या कोर्टात विचारतील, व्हय म्हणजे काय? लेखी भाषा प्रमाण लागते. माणूस म्हणालाय, सही केलीय. मी काय त्याच्या मनात शिरू?" मग थोडं थांबून म्हणाले, "हुशार आहेस तू. लॉ कर. झालं की माझ्याकडेच ये. मला तुझ्यासारखी माणसं लागतात."

हे बोलताना त्यांनी मला गाडीतली बिस्किटं दिली. मी खाल्ली. भूक लागली होती.

पुढच्या तारखेला त्यांनी दुसरा टायपिस्ट नेला. मला ऑफिसात जुन्या फायली लावायला ठेवलं, मग हळूहळू फोन येणं बंद झालं. कुणी ये म्हणेना, कुणी येऊ नको म्हणेना. मम्मी म्हणाली, "बरं झालं, बस आता अभ्यासाला." पप्पांनी एकदाच विचारलं, "तो माणूस कायमचा होता?" मी हो म्हणाले. ते ताटावरून उठले.

पुढच्या तारखेला काकांनी मशीनचं, पट्टीचं सगळं सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. अहवालात त्यावर एकच ओळ आली, "सदर म्हणणे पश्चातबुद्धीचे आहे." म्हणजे नंतर सुचलेलं. आधी कबूल केलं आणि मग फिरवलं. काकांना कामावरून काढलं. ते लेबर कोर्टात गेले. मला कळल्यावर मी त्यांच्या वकिलांना जाऊन भेटले, म्हणाले मी साक्ष द्यायला तयार आहे, मी त्या खोलीत होते. ते बिचारे दमलेले होते, पुढच्या केसची फाइल काखेत. म्हणाले, "सही त्याची आहे बाळा. तू कोर्टात काय सांगणार, उच्चार?"

मग मी सीईटी दिली. त्या रागातच दिली.

आता तू म्हणशील, बघ, अनुभवाचा फायदाच झाला ना! सगळे हेच म्हणतात. प्रवेशाच्या वेळी म्हणाले, वर्गातले मित्र म्हणतात, "तुला काय, तू फील्डवरून आलीस." ऐक, काय फायदा झाला ते. आम्हाला शिकवतात की दुसऱ्या बाजूचं ऐकून घेतल्याशिवाय कुणाला शिक्षा करायची नाही, हा न्यायाचा पाया आहे. थेट ग्रॅज्युएशननंतर आलेली पोरं हे वाचताना अशी उजळतात! मीही उजळले असते. मला ते वाचताना छताकडे बघणारे सर दिसतात. ऐकून तर घेतलं होतं की त्यांनी. पूर्ण ऐकलं, मान डोलावून ऐकलं.

कबुलीचा धडा चालू होता तेव्हा मी हात वर केला. विचारलं, "सर, व्हय ही कबुली धरायची का?" वर्ग खो खो हसला. प्राध्यापक चांगले आहेत, त्यांनी खरंच विचार केला आणि म्हणाले, "व्हय म्हणजे होयच ना? ग्रामीण रूप." पुढचा मुद्दा.

मी वहीत मान घातली. मला राग कुणाचा आला सांगू? पप्पांच्या त्या वाक्याचा. लोकं कशावरून भांडतात ते बघ. बघितलं. आता जे बघितलं ते पुसून अभ्यास कसा करायचा, ते कुणी सांगत नाही. डायरेक्ट आले असते तर मलाही वाटलं असतं की कायदा पुस्तकात असतो आणि कोर्टात लागू होतो. चांगले मार्क पडले असते. कदाचित देशमाने सरांकडेच गेले असते, आनंदानं, सारांश शिकायला.

आणि काम केलं नसतं तर बबनकाकांच्या शेजारी कोण थांबलं असतं? पण थांबून तरी काय झालं? हे असं चालू असतं डोक्यात, बाकीचे नोट्स काढत असतात तेव्हा.

मागच्या महिन्यात मी तुमच्याकडेच आले होते ना गं, मावशीला डबा द्यायला? परत जाताना तळेगाव स्टेशनबाहेर चहाच्या गाडीवर बबनकाका भेटले. मी ओळखलंच नाही आधी, हडकलेत. त्यांनी हाक मारली, "ए टायपिंगवाली!"

चहा पाजला मला. म्हटलं, काका, सध्या काय? तर एका छोट्या शेडमध्ये आहेत, ठेकेदाराकडे. तोच पाइप, त्याच कंपनीला जातो. कंपनीनं जुनी मशीन विकून टाकली, ती या शेडवाल्यानं घेतली.

"म्हणजे तुमचीच मशीन?"

"माझीच. परत पट्टी ढिली झाल्याली तिची. आमा दोघांलाबी काढलं, आन दोघं एकाच जागी आलो बघ." आणि हसले. मुलीचं नर्सिंग मधेच थांबलंय, एका दवाखान्यात मदतनीस म्हणून जाते, हे मी विचारल्यावर सांगितलं. केसची तारीख पुढं गेलीय. पुढचीही जाईल.

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "काका, मी वकील झाले ना, की तुमची केस मी बघून घेते!"

काका इतके हसले की हातातला चहा सांडला. इकडंतिकडं बघून म्हणाले, "हळू बोल पोरी. चार्जशीट यील."

मीही हसले. मग हसू थांबलं आणि मी खरंच सांगायला लागले, मनापासून, भराभर, मला जसं बोलायची सवय आहे तसं. की काका, थोडंच राहिलंय आता, सनद मिळाली की पहिली केस तुमची. की मी सगळं लक्षात ठेवलंय, कोण कुठं बसलं होतं, कोण काय म्हणालं. की मी त्या खोलीतला एकेक शब्द कोर्टात उभा करीन. की तुम्ही फक्त तोवर सोडू नका, तडजोड करू नका, मी येतेच आहे.

काका गाडीवाल्याला पैसे देत होते. लोकल येत असल्याची घोषणा झाली. त्यांनी मान हलवली.

"व्हय," म्हणाले. "व्हय, व्हय."

आणि पिशवी उचलून शिफ्टला गेले.

ऋतुजा, हे मी ते बोलले तसंच टाइप केलंय.